इसेचं दर 20 वर्षांनी नवं होणारं देऊळ

काही जण म्हणतात की देवळाचं पावित्र्य जुन्या दगडांत असतं, नवं बांधलं की ते गेलंच. घाईघाईत टाइल्स आणि ऑइलपेंट फासून होणाऱ्या जीर्णोद्धारांचा मलाही राग येतो, तिथं पूर्ण सहमत, पण हे सगळीकडे लागू नाही होत. जपानमधलं इसे बघा, तिथं सूर्यदेवी अमातेरासूचं शिंतो (जपानचा पारंपरिक धर्म) देऊळ दर 20 वर्षांनी शेजारच्याच मोकळ्या जागेवर हिनोकीच्या (जपानी सायप्रसच्या) लाकडात पुन्हा तसंच बांधतात, रात्री देवीला नव्या घरात नेतात आणि मग जुनं उतरवतात. पहिल्यांदा हे झालं 690 साली, मध्ये यादवीच्या काळात शंभरहून जास्त वर्षं खंड पडला, तरी 2013 ला 62वी वेळ झाली.

देवीची वस्त्रं, तलवारी, आरसेसुद्धा नव्याने घडवतात, त्यामुळे सुतार, विणकर, लोहारांचं कसब पुढच्या पिढीच्या हातात उतरत राहतं, आणि मला तरी हे दगड जपण्याइतकंच मोलाचं वाटतं. शिवाय जुनं लाकूड टाकत नाहीत, मुख्य खांबांपासून देवळाकडे नेणाऱ्या उजी पुलाच्या दोन्ही टोकांच्या तोरी, म्हणजे प्रवेशद्वाराच्या कमानी होतात, बाकीचं देशभरातल्या इतर देवळांना देतात.