कंपनी पुण्यात, आपण जळगावात, मेडिक्लेम कोणता घ्यावा?

तापीकाठ: घरून काम करतो. एचआरने दोन प्लॅन दिलेत, एक स्वस्त पण पुण्या-मुंबईत अ‍ॅडमिट झालं तर २० टक्के आपल्या खिशातून, दुसरा महाग पण कुठंही चालतो. आईवडीलपण त्यातच. काय घेऊ?

भरीतवाला: महागच घे भो. साधं ऑपरेशन इथं होऊन जातं, पण मोठं काही निघालं की आपण नाशिक नाहीतर मुंबईच गाठतो ना, बिल तिथंच फुगतं.

धुळेकर: नेटवर्कची यादीपण बघ, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेले दवाखाने, आपल्याकडचे दवाखाने कमीच असतात त्यात. यादीबाहेर असला तरी २०२४ पासून कॅशलेस (बिल थेट विमा कंपनी भरते) मागता येतं, ठरलेलं ऑपरेशन असेल तर विमा कंपनीला ४८ तास आधी कळवायचं, इमर्जन्सीत भरती झाल्यावर ४८ तासांत. अर्थात दवाखाना तयार पाहिजे, तिथंच घोडं अडतं.

तापीकाठ: हे एचआरने सांगितलंच नव्हतं राव. यादी मागवतो.