प्रवेश देताना सीईटीच्या (सामाईक प्रवेश परीक्षेच्या) गुणांबरोबर शाळा आणि घरची परिस्थितीही पाहावी का?

निवृत्त प्राध्यापक, राजारामपुरी, कोल्हापूर:

कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवत असताना एक गोष्ट मला दरवर्षी दिसत असे. गगनबावड्याकडून पहाटेच्या एसटीने येणारा, घराण्यात दहावीच्या पुढे गेलेला पहिलाच मुलगा आणि नववीपासून क्लास लावलेला शहरातला मुलगा यांच्यात सीईटीला जे अंतर पडते, त्यातले बरेचसे वर्गात पाऊल टाकण्याआधीच पडलेले असते. तमिळनाडूने 2020 साली सरकारी शाळेत सहावी ते बारावी शिकलेल्यांसाठी वैद्यकीय प्रवेशात 7.5 टक्के जागा ठेवल्या. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात मागास जिल्ह्यांतून आलेल्यांना वंचिततेचे जादा गुण देण्याची पद्धत बरीच वर्षे होती. सध्याच्या आरक्षणाला हात न लावता, प्रत्येक प्रवर्गाच्या आत, शाळा आणि आईवडिलांचे शिक्षण पाहून असे थोडे गुण आपल्याकडेही द्यावेत, असे माझे मत आहे.

पालक, शाहूपुरी:

सर, माझा पूर्ण विरोध आहे. मी खासगी नोकरीत आहे, मुलीच्या क्लाससाठी कर्ज काढले आहे, आणि आपल्या हिशेबात ती ‘सुस्थितीतली’ ठरून मागे जाणार. सीईटीत निदान कोणाचा वशिला चालत नाही; ज्याच्या पाठीशी कोणी नाही त्याला तोच एक आधार आहे. उद्या आईवडिलांच्या शिक्षणाचा दाखला मागितला, तर पदवीधर आई कागदावर सातवी पास व्हायला किती वेळ लागेल?

शेतकरी, करवीर तालुका:

दाखल्यांचे म्हणाल तर आठ लाखांच्या वार्षिक उत्पन्नमर्यादेचेच घ्या. ओबीसीतल्या नॉन-क्रिमीलेअरच्या, म्हणजे सुस्थितीतले नसल्याच्या, दाखल्यासाठी उत्पन्न मोजताना पगार आणि शेतीचे उत्पन्न धरत नाहीत, तर आर्थिक दुर्बल घटकाच्या 10 टक्क्यांसाठी केंद्राच्या नियमात दोन्ही धरतात आणि वर पाच एकर शेतजमिनीची मर्यादा घालतात. आकडा एकच, पण मोजमाप दोन. शिवाय उसाचे बिल कधी येते, त्यातून सोसायटीचे किती वळते होते आणि हाती काय राहते, हे तहसीलच्या दाखल्यावर कधीच उमटत नाही. परिस्थिती पाहायला माझी हरकत नाही. मात्र तो कागद माझ्या परिस्थितीचा आहे असे मला वाटत नाही.

विधी शाखेची विद्यार्थिनी:

मला वेगळीच भीती वाटते. ‘परिस्थिती’ हा शब्द आला की चर्चा हळूहळू पैशावर येते आणि जात बाजूला पडते. 2019 च्या 103 व्या घटनादुरुस्तीने केवळ आर्थिक निकषावर आरक्षण आले, त्यातून अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींमधले गरीब वगळले गेले, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये ते तीन विरुद्ध दोन मतांनी वैध ठरवले. ज्या कोल्हापुरात आपण बसून बोलतो आहोत, तिथे 26 जुलै 1902 रोजी शाहू महाराजांनी रिकाम्या होणाऱ्या नोकऱ्यांपैकी निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या तेव्हा उत्पन्नाची अट घातली नव्हती. पैसा हाती आल्यानंतरही ज्या घराला भाड्याने खोली मिळत नाही, त्या घरच्या मुलाची अडचण आपल्या जादा गुणांच्या तक्त्यात कुठे बसते?

निवृत्त प्राध्यापक:

म्हणूनच ‘प्रत्येक प्रवर्गाच्या आत’ असे मी मुद्दाम म्हटले होते. 1902 चा निर्णय नोकऱ्यांचा होता. शिक्षणासाठी महाराजांनी त्याच्या आदल्याच वर्षापासून बोर्डिंगे उभी केली, म्हणजे मुलाला राहायला जागा आणि जेवण दिले. एकाने दुसऱ्याची गरज संपत नाही. शाहूपुरीच्या पालकांचा आक्षेप मात्र मला मान्य आहे. आईवडिलांचे शिक्षण सोडून देऊ आणि फक्त शाळा पाहू. शाळेला सरकारी शाळा-नोंदणीचा अकरा आकडी यूडायस क्रमांक असतो, विद्यार्थ्याची नोंद सरकारकडेच असते. वेगळा दाखला काढावा लागत नाही.

मुख्याध्यापक, शाहूवाडी तालुका:

सर, तमिळनाडूचा नियम इथे जसाच्या तसा आणला तर माझ्याच शाळेतली मुले बाहेर राहतील. आपल्याकडे सातवीपर्यंत जिल्हा परिषदेची शाळा असते, पण पुढचे हायस्कूल बहुतेक गावांत संस्थेचे, अनुदानित असते. ते ‘सरकारी’ धरायचे का? धरले, तर कोल्हापूर शहरातली नामांकित अनुदानित हायस्कुलेही त्याच रांगेत येतात. नाही धरले, तर डोंगरातल्या पोराच्या पदरी काहीच पडत नाही.

पालक, शाहूपुरी:

आणि नाव गावच्या कॉलेजात, मुलगा मात्र दिवसभर शहरातल्या क्लासमध्ये, हा प्रकार आताच सर्रास चालतो. यूडायसला नोंद दिसेल, पण वर्गात बसलेला मुलगा दिसणार नाही.

निवृत्त प्राध्यापक:

म्हणून अकरावी-बारावी धरूच नये. क्लाससाठी होणारी नावनोंदणी प्रामुख्याने तिथली आहे. पाचवी ते दहावी अशी सलग सहा वर्षे कागदावर काढणे इतके सोपे नाही. मुख्याध्यापकांच्या प्रश्नाचे मात्र माझ्याकडे अर्धेच उत्तर आहे: शाळेचा प्रकार न पाहता तालुका पाहावा. पण मग गडहिंग्लज शहरातले हायस्कूल आणि त्याच तालुक्यातल्या आडवळणी गावातले हायस्कूल एकाच मापाने मोजले जाणार, आणि ते मला पटत नाही. शाळानिहाय मोजायचे, तर कशावरून मोजायचे हे आपण सुचवावे; आपण ती शाळा रोज उघडता.