लेरोस बेटावरच्या नौदल स्मारकांबद्दल मदत हवी आहे

मंडळी, सप्टेंबरअखेरीस ग्रीसमधल्या कोस बेटावरून बोटीने शेजारच्या लेरोसला जातोय. हाताशी एकच दिवस आहे, गाडी चालवता येत नाही आणि सोबत सत्तरीचे बाबा आहेत.

२६ सप्टेंबर १९४३ रोजी जर्मन विमानांनी लेरोसच्या लाक्की बंदरात ग्रीक विनाशिका 'वासिलिसा ओल्गा' बुडवली. कप्तान ब्लेसास आणि कितीतरी खलाशी गेले. तिचं स्मारक लाक्कीच्या किनाऱ्यावर आहे, ते पाहायचंच आहे. फोटोवरून फोनने मजकूर वाचून पाहिला, पण कोरलेल्या अक्षरांवर ऊन पडल्याने निम्मी नावं लागतच नाहीत.

खरी अडचण 'इंट्रेपिड'ची आहे. ही ब्रिटिश विनाशिकाही त्याच हल्ल्यात गेली. कबर नसलेल्या ब्रिटिश नौसैनिकांची नावं पोर्ट्समथ, प्लिमथ, चॅटमच्या स्मारकांवर असतात, हे माहीत आहे. लेरोसवरच्या अलिंडाची युद्धदफनभूमीही यादीत आहे. पण ती माणसं जिथे गेली, तिथे दोन मिनिटं उभं राहायचंय.

तर, लाक्कीत 'इंट्रेपिड'साठी वेगळा फलक आहे का, असल्यास धक्क्यापासून कुठे? आणि २६ तारखेच्या स्मरणसोहळ्याला आमच्यासारख्या बाहेरच्यांना उभं राहू देतात का?