प्रति: सगळ्यांना एकच टॅग?

ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कुणालाही भर घालता येणाऱ्या खुल्या नकाशावर, देऊळ, वीरगळ (वीराच्या स्मरणार्थ कोरलेला दगड), पांढर (जुन्या वस्तीचं राखट मातीचं टेकाड), सगळ्यांना ‘पुरातत्त्वीय स्थळ’ हा एकच टॅग, म्हणजे प्रकार सांगणारी नोंद, पुरे, हे मला पटत नाही. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती (जैन मंदिर) १२०४ सालची, पण ती उभी वास्तू आहे. वडगाव-माधवपूरला मात्र सातवाहनकालीन नगर जमिनीखाली सापडलं. या टॅगला वस्ती, महापाषाण (प्राचीन काळी उभारलेल्या मोठ्या शिळा), तटबंदी असे उपप्रकार जोडता येतात, ते जरूर भरा.

आणि पांढर ठिपक्याने दाखवू नका, हद्द काढा. आमच्या शिवारात नांगरटीनंतर काळी-तांबडी खापरं थेट ओढ्यापर्यंत दिसतात. ती राखट माती खत म्हणून गाड्या भरभरून नेली, निम्मं टेकाड गेलं. नकाशावर हद्द असती तर निदान किती गेलं ते तरी कळलं असतं.