दोन्ही घड्याळे एकमेकांपेक्षा मंद : सापेक्षता सिद्धान्तात हा अंतर्विरोध नाही का?

प्रश्न

विशिष्ट सापेक्षता सिद्धान्तानुसार एकमेकांच्या सापेक्ष एकसमान वेगाने जाणाऱ्या दोन निरीक्षकांपैकी प्रत्येकाला दुसऱ्याचे घड्याळ मंद चाललेले आढळते. 'अ' हा 'ब'पेक्षा लहान आणि 'ब' हा 'अ'पेक्षा लहान, ही दोन्ही विधाने एकदम खरी असू शकत नाहीत. मग घड्याळांच्या बाबतीत ती कशी मान्य करायची? जुळ्या भावांच्या उदाहरणात अतिवेगवान अवकाशप्रवासाहून परतलेला भाऊ पृथ्वीवर राहिलेल्या भावापेक्षा तरुण राहतो असे सांगतात, पण त्याच्या दृष्टीने पृथ्वीच दूर जाऊन परत आलेली असते. प्रयोगांनी सिद्धान्त खरा ठरला आहे, हे उत्तर पुरेसे वाटत नाही, कारण ज्याच्या पोटातच विसंगती आहे त्याला प्रयोगाचा आधार मिळून काय उपयोग? शिवाय उपग्रहांवरील घड्याळांत आधीच दुरुस्ती केलेली असते, तर ती पुरावा कशी ठरतात?

पहिला प्रतिसाद

तुमचा मूळ आग्रह योग्य आहे. अंतर्विरोध असलेल्या सिद्धान्तातून कोणताही निष्कर्ष काढता येतो, त्यामुळे अशा सिद्धान्ताला प्रयोग वाचवू शकत नाही. मात्र येथे अंतर्विरोध नाही. दूर गेलेल्या घड्याळाची तुलना करायची, तर 'तिथे याच क्षणी किती वाजले' हे ठरवावे लागते, आणि 'याच क्षणी' कोणत्या घटना घडल्या याविषयी दोन निरीक्षकांचे एकमत नसते. म्हणजे ते दोघे एकच तुलना करून उलट उत्तरे देत नाहीत. ते दोन वेगळ्या तुलना करतात. घड्याळे पुन्हा एका ठिकाणी आली की मात्र उत्तर एकच असले पाहिजे, आणि ते तसे असते.

जुळ्यांचे गणित प्रत्यक्ष मांडून पाहा. एक भाऊ प्रकाशाच्या ०.८ पट वेगाने ४ प्रकाशवर्षे दूर जाऊन लगेच त्याच वेगाने परततो. पृथ्वीवर १० वर्षे जातात, त्याच्या घड्याळात ६. दोघेही आपापल्या घड्याळाप्रमाणे दरवर्षी एक रेडिओ संदेश पाठवतात. या वेगाला दूर जाताना संदेश एक तृतीयांश दराने मिळतात आणि जवळ येताना तिप्पट दराने. हा दर दोघांसाठी अगदी सारखाच आहे. प्रवाशाला जाण्याच्या ३ वर्षांत १ संदेश मिळतो आणि परतीच्या ३ वर्षांत ९, एकूण १०. पृथ्वीवरच्या भावाला पहिल्या ९ वर्षांत ३ आणि शेवटच्या एका वर्षात ३, एकूण ६. दोघांच्याही नोंदी एकमेकांशी तंतोतंत जुळतात. फरक येतो कुठून? प्रवासी ज्या क्षणी वळतो त्याच क्षणी त्याला मिळणाऱ्या संदेशांचा दर बदलतो. पृथ्वीवर मात्र त्याच्या वळण्याची बातमी पोहोचायला ४ वर्षे लागतात. परिस्थिती सममित नव्हतीच. वळला तो एकच भाऊ.

दुसरा प्रतिसाद

वरील उदाहरणाने एक विरोधाभास सुटला, पण उद्या कोणी दुसरा शोधणार नाही याची हमी काय? ती गणित देते. १९०८ मध्ये हेरमान मिंकोव्स्की यांनी दाखवले की हा सिद्धान्त म्हणजे चार मितींच्या अवकाश-काळाची भूमिती आहे, आणि ही संपूर्ण भूमिती वास्तव संख्यांच्या चौकडींवर (स्थानाच्या तीन आणि काळाची एक) उभी करता येते. त्यामुळे तिच्यात विसंगती सापडली, तर ती वास्तव संख्यांच्या अंकगणितातच सापडली असे होईल. विरोधाभासांची नवी उदाहरणे रचणाऱ्यांनी आधी याचे उत्तर द्यावे, असे मला आग्रहाने वाटते. अर्थात न्यूटनची यामिकीही, म्हणजे त्याचे गतीचे शास्त्रही, तर्कसुसंगतच आहे. निसर्ग या दोहोंपैकी कशाप्रमाणे चालतो, हे मोजूनच ठरवावे लागते.

तिसरा प्रतिसाद

आता मोजमापांकडे वळू. जुळ्या भावांच्या सर्वांत जवळचा प्रयोग सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेत म्युऑन या अल्पायुषी कणांवर झाला आणि त्याचे निष्कर्ष १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले. स्थिर म्युऑनचे सरासरी आयुष्य सुमारे २.२ मायक्रोसेकंद असते. वर्तुळाकार कड्यात प्रकाशाच्या सुमारे ०.९९९४ पट वेगाने फिरणाऱ्या म्युऑनांचे ते सुमारे ६४.४ मायक्रोसेकंद भरले. वाढ जवळजवळ २९ पट, सिद्धान्ताच्या भाकिताशी सुमारे हजारात एक भागापर्यंत जुळणारी. हे कण प्रत्येक फेरीला त्याच जागी परत येत होते, म्हणून हा निव्वळ दूरच्या समकालिकतेचा प्रश्न राहत नाही.

उपग्रहांविषयी : घड्याळात आधीच दुरुस्ती करतात हे खरे आहे, पण ती किती करायची हे सिद्धान्त सांगतो. जीपीएसच्या कक्षेत गुरुत्वाकर्षण कमी असल्यामुळे घड्याळ रोज सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जाते आणि वेगामुळे सुमारे ७ मागे पडते. निव्वळ फरक सुमारे ३८. १९७७ मध्ये सोडलेल्या एनटीएस-२ या उपग्रहावरील सीझियम घड्याळ सुरुवातीचे सुमारे २० दिवस मुद्दाम दुरुस्तीविना चालवले होते. अपेक्षित फरक एक लाख कोटींत, म्हणजे १०^१२ मध्ये, ४४६.५ भाग होता. मोजलेला फरक ४४२.५ भाग आला. तुमच्या शंकेला यापेक्षा थेट उत्तर मला माहीत नाही.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

संदेशांचा हिशेब मी स्वतः करून पाहिला आणि तो पटला. एकच शंका उरते. ईथर, म्हणजे प्रकाशलहरी ज्यातून जातात असे पूर्वी मानले जाणारे सर्वव्यापी माध्यम, आहे असे मानून, त्यातील गतीमुळे घड्याळे मंद होतात असे म्हटले, तर हेच प्रयोग त्यालाही पुष्टी देणार नाहीत का?

दुसऱ्या प्रतिसादकाचे उत्तर

देतील. भौतिकशास्त्रज्ञ लॉरेंट्झ यांच्या ईथरवादातून विशिष्ट सापेक्षतेसारखीच भाकिते निघतात, त्यामुळे त्या दोहोंत निवड करण्याचे काम या प्रयोगांचे नाही. परंतु त्या मांडणीत ईथरची स्थिर चौकट मानावी लागते आणि ती कोणत्याही मोजमापात कधीच सापडू नये अशी व्यवस्थाही करावी लागते. ज्याचा कोणताच परिणाम दिसत नाही ते गृहीतक मी सोडून देईन.