ओटा नक्की कुणाच्या मापाचा?

पाचनऊ: नाशिकला फ्लॅटचं किचन नव्याने करतोय. बायकोची सकाळची शिफ्ट, त्यामुळे पोळी-भाजी माझ्याकडे. माझी उंची पाच फूट नऊ इंच, बिल्डरने दिलेला ओटा 32 इंच. भांडी घासताना कंबर धरते. मिस्त्रीला 37 म्हटलं तर तो म्हणतो, "साहेब, वहिनींना उंच नाही का पडणार?" सकाळी वहिनी घरातच नसतात, हे त्याच्या गळी उतरत नाही. किती ठेवू?

मोजपट्टी: पुण्यात इंटिरियरची कामं करते. ताठ उभं राहून हात कोपरात दुमडा. कोपराच्या चार-सहा इंच खाली ओटा हवा. पाच फुटी बाईला हे गणित लावलं की 32-33 च येतात. म्हणजे रांधणार कोण, हे आधीच धरून चाललेत. कडप्पा जाऊन ग्रॅनाइट आला, आकडा तोच राहिला. तुम्हाला 37 ठीक. शेगडीपुरता ओटा मात्र 34 वर उतरवा, नाहीतर शेगडी आणि वर कढई, ढवळताना खांदा उचलावा लागतो. सिंक अजिबात खाली नेऊ नका. भांडी त्याच्या तळाशी घासतो आपण.

गिरगावकर: आमच्या खोलीत आई बसून रांधायची. स्टोव्ह, विळी, पाटा, सगळं जमिनीवर. गॅस आला आणि शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर हवी असं बजावलं गेलं. म्हणून आधी टेबल, मग ओटा. आजी शेवटपर्यंत कुरकुरली, उभ्याने कसला स्वयंपाक! मिक्सर आला, पाटा माळ्यावर गेला. ऊठबस वाचली, ते चांगलंच झालं. पण पूर्वी शेजारीण समोर बसून मटार सोलता सोलता सगळ्या चाळीच्या बातम्या द्यायची. ओट्याशी उभ्या बाईचं तोंड भिंतीकडे, तिच्याशी बोलायचं कसं? फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी 1926 साली मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की यांनी आखलेल्या स्वयंपाकघरात निदान फिरतं स्टूल तरी होतं. आमच्याकडे ओटा आला, स्टूल काही आलं नाही.

व्यवहारी: 37 केलात तर फ्लॅट विकताना गिऱ्हाईक नाक मुरडेल. आणि रविवारी वहिनींनी काय करायचं?

मोजपट्टी: @व्यवहारी, रविवारीही साहेबच करतील की. @पाचनऊ, ग्रॅनाइट कापायच्या आधी प्लायचा तुकडा विटांवर ठेवून दोन-चार दिवस पोळ्या लाटून बघा. आणि मिस्त्रीला एक दिवस जेवायला बोलवा, तुमच्या हातचं.