ए विंगच्या मागे टुक-टुक

सेक्रेटरी: ए विंगच्या मागे दुपारभर टुक-टुक आवाज येतो अशी तिघांची तक्रार आहे. पंपवाला उद्या येतोय.

ए-५०३ काका: पंप नाही हो, पक्षी आहे. पण कुठला ते कळेना. फेसबुकवर पक्ष्यांच्या एका ग्रुपात रेकॉर्डिंग टाकलं. ४५ हजार मेंबर! चार दिवसांत ८४ लाइक आले, उत्तर एकही नाही. रिटायर झाल्यापासून असे सात ग्रुप झाले. सगळीकडे गुड मॉर्निंग आणि मोराचे फोटो.

सी-२०१ ताई: काका, मेंबर किती ते बघूच नका. एखाद्या नवख्याने शेवटचं काही विचारलं ते कधी, आणि त्याला कुणी उत्तर दिलं का, तेवढं बघायचं. आमचा विणकामाचा ग्रुप जेमतेम ६० बायकांचा आहे, पण रात्री अकराला टाका सुटला तरी कुणीतरी जागं असतं.

बी-१०४: आपल्या ग्रुपात ११८ जण आहेत. मेंटेनन्सचा विषय काढून बघा, किती जागे असतात 😀

सी-२०१ ताई: आणि नुसतं ‘हा कोण?’ असं विचारू नका काका. गाव, महिना, वेळ, कुठल्या झाडावर, चिमणीएवढा की कावळ्याएवढा, हे सगळं लिहा. मग जाणकारांनाही सांगावंसं वाटतं.

डी-६०२ दादा: काका, मी तर म्हणतो ग्रुप सोडा, फिरणारी माणसं गाठा. ईबर्ड उघडा. अमेरिकेतल्या कॉर्नेलच्या पक्षी-प्रयोगशाळेचं आहे, २००२ पासून चालू, फुकट. त्यात पाषाण तलाव शोधा. अलीकडे कोण कधी गेलं, किती जातींचे पक्षी दिसले, सगळं तारखेसकट येतं. तीच तीच नावं दर आठवड्याला दिसली की समजायचं, ही मंडळी खरोखर जातात. रविवारी पहाटे तिथे जाऊन उभे राहा, गळ्यात दुर्बीण दिसेल त्याला नमस्कार करा. मला माझा ग्रुप असाच मिळाला.

ए-५०३ काकू: ह्यांना एका ग्रुपने आधी ५०० रुपये भरा म्हणून सांगितलं होतं. मी वेळेवर फोन काढून घेतला.

डी-६०२ दादा: बरं केलंत काकू. फोटो असेल तर आयनॅचरलिस्टवर टाका. किडा, फूल, बेडूक, काहीही चालतं. तिथे आपण दिलेलं नाव दुसऱ्या कुणाला तरी पटल्याशिवाय नोंद पक्की होत नाही, त्यामुळे लोक चुका दाखवतात, वादही घालतात. मजा येते. आणि फेब्रुवारीत चार दिवस बॅकयार्ड बर्ड काउंट असतो. गॅलरीत १५ मिनिटं बसून मोजलं तरी चालतं. अजून एक, घरट्याचे फोटो टाकू देत नाहीत तो ग्रुप बिनधास्त धरा. पक्ष्याच्या पिल्लांपेक्षा लाइक मोठे नाहीत हे त्यांना कळतं.

ए-५०३ काका: लिहून घेतलं. पण माझ्या टुक-टुकचं काय? इथेच टाकतो रेकॉर्डिंग.

बी-३०२ आजी: अरे हा तर तांबट! माझं माहेर कसब्यात, तांबट आळीच्या जवळ. तांब्याच्या भांड्यांवर दिवसभर हाच ठोका चालायचा. हिरवा असतो, कपाळ लाल, गळा पिवळा. पानांत बसला की दिसायचा नाही.

ए-५०३ काका: आजी!! चार दिवस मी जगभर विचारतोय.

डी-६०२ दादा: बरोबर आहे, तांबटच. मर्लिन ॲपला ऐकवलं, तेही तेच म्हणतंय. उन्हं तापायला लागली की जास्त ओरडतो. मागच्या उंबरावर असणार, उंबरं खायला येतो.

सेक्रेटरी: म्हणजे पंपवाला रद्द. व्हिजिटचे ३०० वाचले.

ए-५०३ काका: अहो पण शनिवारी तोच उंबर छाटायचाय ना? थांबवा ते.

सेक्रेटरी: गाडीवर उंबरं पडून डाग पडतात अशी लेखी तक्रार आहे काका. डी-६०२ ची.

डी-६०२ दादा: मागे घेतो. कव्हर आणतो गाडीला.